हार्मोन्सच्या गोळीची धास्ती आली कुठून?

रात्री अडीच-तीनला जाग येते. छातीतून काहीतरी तापत वर चढतं, मान, कान, चेहरा लालबुंद होतो, कपाळावर घाम फुटतो. पांघरूण लाथाडून दोन-चार मिनिटं होतात न होतात तोच घामाने भिजलेल्या गाऊनमुळे हुडहुडी भरते आणि तेच पांघरूण पुन्हा ओढून घ्यावं लागतं. झोप मात्र उडालेली असते. पाळी जाण्याच्या दिवसांत हे सगळं रात्रीतून तीन-चारदा सोसणारी बाई कधीतरी डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर हार्मोन्सचं नाव काढतात आणि तिचा पहिला प्रश्न येतो, "पण त्याने कॅन्सर होतो ना?"

या प्रश्नाला चक्क जन्मतारीख आहे: 9 जुलै 2002. त्या दिवसाचा अर्थ लागायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

पाळी जाण्यासाठीचा 'मेनोपॉज' हा शब्द गार्दान या फ्रेंच डॉक्टरांनी 1821 मध्ये वापरात आणला. उपाय तेव्हा यथातथाच होते. रक्त काढणं काय, अफू देणं काय. त्या शतकाच्या शेवटी जनावरांच्या अंडाशयाची वाळवलेली भुकटी देऊन पाहिली गेली. खरं इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी जाताना शरीरात घटत जाणारं अंडाशयाचं हार्मोन, हाती लागलं 1929 मध्ये. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर स्त्रियांच्या लघवीतून वेगळं केलं. तेरा वर्षांनी, 1942 मध्ये, अमेरिकेत प्रेमारिन बाजारात आलं. हे इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं. लपवाछपवी काहीच नव्हती, नावातच प्रेग्नंट, मेअर आणि युरिन या तिन्ही शब्दांचे तुकडे आहेत.

इथवर गोळीचं काम साधं होतं: छातीतून वर चढणाऱ्या त्या गरम वाफा थांबवणं. ते ती चोख करायची, आजही करते. बिघडलं ते पुढे, तिच्यावर भलतीच ओझी टाकल्यावर. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक आलं. पाळी जाणं हा कमतरतेचा आजार आहे आणि इस्ट्रोजेन घेत राहिलं की बाईपण टिकतं, असा त्याचा सूर. पुस्तक धडाक्यात खपलं. त्यामागे औषध कंपनीचा पैसा होता, हे पुढे विल्सन यांच्याच मुलाने सांगितलं.

पहिला दणका 1975 मध्ये बसला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त आढळला, एका अभ्यासात तर साडेचार पट. कारण लवकरच उमगलं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत नेतं. दर महिन्याला त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता शरीरात उरलेलं नसतं. म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध द्यायचं ठरलं. तो नियम आजही पाळला जातो. ज्यांचं गर्भाशय काढलेलं आहे, त्यांना सहसा नुसतं इस्ट्रोजेन चालतं.

मग नवं ओझं आलं. हाडं ठिसूळ होणं या गोळीने थांबतं, हे खरंच होतं. पण हार्मोन्स घेणाऱ्या बायकांना हृदयविकारही कमी होतो असं 1980 च्या दशकात निरीक्षणांतून दिसू लागलं आणि साठी-सत्तरीच्या, वाफांचा मागमूस नसलेल्या बायकांनाही हृदय जपण्यासाठी गोळी दिली जाऊ लागली. यात एक गोम होती. तेव्हा हार्मोन्स घेणाऱ्या बायका बऱ्याचदा शिकलेल्या, खाऊन-पिऊन सुखी, वेळच्या वेळी तपासण्या करून घेणाऱ्या होत्या. गोळी त्यांना निरोगी ठेवत होती, की मुळात निरोगी बायकाच गोळी घेत होत्या?

याचा छडा लावायला अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा प्रचंड अभ्यास उभा राहिला. त्यातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध या जोडीच्या चाचणीत 16,608 बायका होत्या. सरासरी वय 63. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना निव्वळ दिसायला तशी. आता गंमत पाहा: ज्यांना वाफांचा फार त्रास होता त्यांना शक्यतो घेतलंच नव्हतं, कारण खोटी गोळी त्यांच्या लगेच लक्षात आली असती आणि त्यांनी चाचणी सोडली असती. प्रश्न वाफांचा नव्हताच. पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईचं हृदय या गोळीने वाचतं का, हा होता.

उत्तर आलं, नाही वाचत. सरासरी 5.2 वर्षांनंतर चाचणी मध्येच थांबवली आणि 9 जुलै 2002 ला जगभर बातमी गेली: स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो. आकडा खरा होता. तोच दुसऱ्या तऱ्हेने असा मांडता येतो: वर्षभरात दहा हजार बायकांमागे 30 जणींना जो कॅन्सर एरवीही झाला असता, तो 38 जणींना झाला. आठ जास्त. पक्षाघातही आठ जास्त, फुफ्फुसात गुठळी जाण्याचेही आठ. उलट खुब्याची हाडं मोडण्याचे प्रसंग पाच कमी. निरोगी बाईला नुसतं प्रतिबंध म्हणून द्यायचं औषध इतका धोका घेऊन परवडणारं नव्हतं, त्यामुळे चाचणी थांबवणं माझ्या मते योग्यच. पण 63 व्या वर्षाचं उत्तर 49 व्या वर्षाच्या बाईच्या गळ्यात मारलं गेलं. अमेरिकेत वर्षाला नऊ कोटींच्या आसपास असलेली हार्मोन्सची प्रिस्क्रिप्शन्स 2003 पर्यंत सहा कोटींच्या खाली आली. नुसत्या इस्ट्रोजेनच्या चाचणीत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, हे 2004 मध्ये कळलं. त्या बातमीला पहिलीसारखा आवाज नव्हता.

पुढची वर्षं तेच आकडे वयाप्रमाणे पुन्हा मांडण्यात गेली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं होण्याआधी सुरुवात केली, तर बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचं पारडं जड राहतं, यावर आज बऱ्यापैकी एकमत आहे. गोळी यकृतातून जाते म्हणून गुठळीचा धोका वाढतो. पॅच किंवा जेलमध्ये तो कमी दिसतो. योनीतल्या कोरडेपणासाठीचं क्रीम तर रक्तात नावापुरतंच उतरतं. स्तनाचा कॅन्सर, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेलेला असेल तर मात्र हार्मोन्सचा मार्ग सहसा बंद. म्हणून आता डॉक्टर आधी विचारतात ते हेच: वय काय, शेवटची पाळी कधी, गर्भाशय आहे का, घरात कुणाला काय झालं होतं.

ज्यांचा तो मार्ग बंद आहे त्यांच्यासाठीची वाट मेंदूतून निघाली. 1990 च्या सुमारास नाओमी रान्स या अमेरिकी संशोधक बाईंना पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत काही पेशी फुगलेल्या दिसल्या. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की या पेशी शरीराचं तापमान राखणाऱ्या केंद्राला उगाचच चेतवतात. त्यांचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे बिगर-हार्मोन औषध अमेरिकेत मे 2023 मध्ये मंजूर झालं. यकृताला इजा होऊ शकते म्हणून डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा चढला. पुढच्याच नोव्हेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने हार्मोन्सवरचा 2003 पासूनचा हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरचा चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या अस्तराचा, 1975 च्या धड्याचा, तेवढा ठेवला.