तीस पौंडांची नोकरी आणि बागेतली मागणी

'जेन एअर' या कादंबरीत लग्नाच्या मागणीचा प्रसंग २३व्या प्रकरणात येतो. ऐन उन्हाळ्यातली संध्याकाळ. थॉर्नफील्ड या वाड्याच्या बागेत फुलांच्या दरवळात मध्येच सिगारचा वास येतो आणि मालक, म्हणजे रॉचेस्टर, जवळपास आहेत हे त्या घरी शिकवायला राहिलेल्या जेनला कळतं. ते आधी तिला सांगतात की दुसऱ्या एकीशी आपलं लग्न ठरतंय, तुझ्यासाठी आयर्लंडात दुसरी नोकरी पाहिली आहे. तिला रडू फुटतं आणि मग ती उसळून बोलते: मी गरीब आहे, दिसायला साधी आहे, म्हणून मला मन नाही असं वाटतं का तुम्हाला? आपण दोघं बरोबरीचे आहोत! लग्नाचं विचारतात ते, पण मन उघडं करते ती, आणि तेही आधी. एवढं होऊनही तिचा विश्वास बसत नाही. चांदण्याकडे तोंड करा, मला तुमचा चेहरा वाचायचाय, असं ती म्हणते. या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा उघडते.

पुस्तक निघालं ऑक्टोबर १८४७ मध्ये, करर बेल या टोपणनावाने. लेखिका शार्लट ब्राँटे स्वतः गव्हर्नेस होती. गव्हर्नेस म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवणारी शिकलेली बाई. तिला ना घरच्यांत जागा, ना नोकरांत. १८३९ साली यॉर्कशायरच्या एका घरी असताना शार्लटने बहिणीला कळवलं होतं, की गव्हर्नेसला इथे जिवंत माणूस म्हणून कुणी धरतच नाही. वर शिवणकामाचे ढीग असत. पुढच्या नोकरीत तिला वर्षाला २० पौंड ठरले, त्यातूनही कपडे धुण्याचे कापून घेत. कादंबरीत गव्हर्नेस असलेल्या जेनला तिने वर्षाला ३० दिले.

त्याच १८३९ मध्ये मैत्रिणीच्या भावाने, हेन्री नसी या पाद्र्याने, शार्लटला पत्रातून मागणी घातली. ती २२ वर्षांची होती, हुंडा देण्याइतका पैसा घरात नव्हता. तरी तिने नाही म्हटलं. ज्याच्यासाठी जीव द्यावासा वाटेल अशी ओढ आपल्याला त्याच्याविषयी वाटत नाही, असं तिने मैत्रिणीला लिहिलं. कादंबरीत पुढे सेंट जॉन रिव्हर्स हा पाद्री जेनला जी कोरडी, कर्तव्याची मागणी घालतो, तिच्यामागे हेन्रीच आहे असं बरेच अभ्यासक मानतात.

बागेतला होकार केवढ्याला पडणार होता, हे तेव्हाचा इंग्लंडचा कायदा पाहिल्यावर समजतं. लग्न झालं की बायकोची कमाईसुद्धा नवऱ्याची. ती तिची स्वतःची व्हायला १८७० उजाडलं, आणि सगळी मालमत्ता तिच्या नावावर राहायला १८८२. घटस्फोट हवा तर १८५७ पर्यंत संसदेतून खास कायदा करून घ्यावा लागे, आणि बायको वेडी आहे हे त्यासाठी कारणच नव्हतं. रॉचेस्टर यांचं आधीच लग्न झालेलं असतं आणि ती वेडी बायको त्यांनी माळ्यावर कोंडून, लपवून ठेवलेली असते. तिचं ते काय करू शकत होते, याचं उत्तर इथे आहे. जेनला फसवायचा हक्क त्यातून त्यांना मिळतो, असं मात्र मला वाटत नाही.

मागणीच्या रात्रीच वीज पडून बागेतलं चेस्टनटचं झाड चिरतं. नंतर रॉचेस्टर जेनला रेशमी कपडे, दागिने घ्यायला नेतात तेव्हा तिचा जीव गुदमरतो. आपल्या नावावर थोडं तरी काही असावं म्हणून ती मदेरा बेटावर राहणाऱ्या काकांना लग्नाचं कळवते. तिथे त्या काकांजवळ योगायोगाने रॉचेस्टर यांचा मेहुणा, म्हणजे त्या कोंडलेल्या बायकोचा भाऊ, बसलेला असतो. चर्चमध्ये ऐन लग्नात वकील उठून, नवऱ्या मुलाची आधीची बायको जिवंत आहे अशी हरकत घेतो, ती या पत्रामुळे.