बुरशी मेली, विष कुठे मेलं?

पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये उभे राहा, हे ऐकू येणारच: "मावशी, बुरशीच आहे ती. पुठ्ठा उन्हात टाका, मरून जाईल." मेलीही समजा. पण कचरा वेगळा करणाऱ्या या मावशींच्या छातीत जातं ते वेगळंच: बुरशीचं विष.

बुरशीची ओळख कुणाला करून द्यायला नको. जूनमध्ये चपलांवर, जुलैत भाकरीवर. जीव आहे, बीजाणू म्हणजे बियांसारखे बारीक कण सोडते, दमेकऱ्याला खोकवते. बास.

बुरशीचं विष हा मात्र जीवच नाही. काही ठरावीक बुरशी ते तयार करतात. शेंगदाण्यामुळे बदनाम झालेलं अफ्लाटॉक्सिन हे त्यातलंच. त्याने माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. स्वयंपाकाच्या आचेवरही ते पूर्ण नष्ट होत नाही, मग फिनाइलचं काय घेऊन बसलात?

आता तो उन्हात टाकलेला पुठ्ठा बघा. ओला होता तेव्हा हिरवट थर त्याला चिकटून होता. दोन दिवसांत वाळून त्याची करडी पूड झाली. गठ्ठा बांधताना जमिनीवर आपटला की ती उडते, नेमकी तोंडाच्या उंचीवर. अफ्लाटॉक्सिनची वाफ होत नाही. ते बीजाणूंवर आणि धुळीच्या कणांवर बसून नाकात शिरतं. म्हणजे आपण बुरशी मारली आणि विष असलंच तर त्याला पंख दिले.

हवेच्या तपासणीतही हाच घोळ. नमुना बशीत वाढवला की मोजली जाते फक्त जिवंत बुरशी. अहवालात "वाढ नाही" आलं की सगळे खूश! विषाची तपासणी वेगळी करावी लागते. पोर्तुगालमध्ये कचरा वर्गीकरण करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं.

रंग काळा म्हणजे विषारी, वास गेला म्हणजे विष गेलं, हे दोन्ही सोडून द्या.

आणि कृपा करून तोंडाला ओढणी बांधायला सांगू नका. इतकी बारीक धूळ ती अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ द्या. बुरशी लागलेला पुठ्ठा वाळवत, झटकत बसू नका, ओला असतानाच पिशवीत बांधून बाजूला काढा. झाडण्याआधी पाण्याचा हबका मारा. चहाच्या सुट्टीआधी हात धुवायला नळ हवा. वड्याबरोबर तीच पूड पोटातही जाते.