तिरक्या पृष्ठांचे मॉडेलिंग (वास्तुरचना)

इमारतीतील जी पृष्ठे ओळंब्यातही नसतात आणि पाणपातळीतही नसतात, ती त्रिमितीय मॉडेलमध्ये नेमक्या कोनात उभी करण्याच्या कामाला तिरक्या पृष्ठांचे मॉडेलिंग म्हणतात. कौलारू छपराची पाखी (उतरत्या बाजू), बाहेर कललेली भिंत, तिरकी काच, रॅम्प, इतकेच काय, गच्चीचा जेमतेम दिसणारा ढाळही यातच मोडतो. रेव्हिट, स्केचअप, आर्किकॅड, राइनो, ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधील आज्ञा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली भूमिती एकच आहे, आणि बहुतेक चुका आज्ञा न आल्यामुळे नव्हे तर ही भूमिती आधी न ठरवल्यामुळे होतात.

सपाट पृष्ठ तीन बिंदूंनी ठरते. तिपाई डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच याची खात्री नसते. म्हणून चारही कोपऱ्यांना हाताने उंची दिली की पृष्ठ मोडते. स्केचअपमध्ये त्याचे दोन त्रिकोण होतात आणि मधून एक तिरपी रेष उमटते. ती रेष खोडली की पृष्ठच नाहीसे होते. अशा वेळी रेष लपवून पुढे जाणे हा उपाय नव्हे. तीन बिंदू पक्के करून चौथ्याची उंची प्रतलावरूनच घ्यावी.

प्रतल ठरल्यावर कामाचे अक्ष त्याच्यावर बसवावे लागतात. ऑटोकॅडमध्ये यूसीएस (वापरणाऱ्याने ठरवलेले अक्ष) आज्ञेचा तीन बिंदूंचा पर्याय घेतात: पहिला बिंदू मूळ, दुसरा क्ष-अक्षाची दिशा, तिसरा य-अक्षाची बाजू. नंतर प्लॅन आज्ञा दिली की ते पृष्ठ समोरून, खऱ्या मापात दिसते. रेव्हिटमध्ये सेट वर्क प्लेन, राइनोत सीप्लेन आणि स्केचअपमध्ये अक्षांचे साधन हेच काम करते. काम आटोपल्यावर यूसीएस वर्ल्डवर, म्हणजे मूळ अक्षांवर, परत न नेल्यास पुढचे खांबही उतारावर उभे राहतात, आणि वरून पाहताना ते पटकन लक्षात येत नाही.

कोन कशापासून मोजला, हे त्यानंतर ठरवायचे. छपराचा कोन आडव्या पातळीपासून मोजतात, तर कललेल्या भिंतीचा कोन रेव्हिटसारखी साधने ओळंब्यापासून मोजतात. अमेरिकेतील डॅलस सिटी हॉलची दर्शनी बाजू ३४ अंशांत कललेली आहे आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा सुमारे २.९ मीटर रुंद आहे. हा कोन ओळंब्यापासून धरला तर मजल्याची उंची सुमारे ४.३ मीटर येते, जी कार्यालयाला साजेशी आहे. पातळीपासून धरला तर ती दोन मीटरहून कमी भरते. नुसता अंश लिहिलेला आराखडा हाती आला की असा ताळा करून मगच मॉडेलला हात घालावा.

शक्य तिथे उतार अंशांऐवजी गुणोत्तरात द्यावा. १:२ चा खरा कोन २६.५६५ अंश. त्याऐवजी २६.५७ टंकले तर १० मीटर आडव्या अंतरावर उंचीत सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. रेव्हिट सुमारे ०.८ मिलिमीटरहून लहान रेघ काढू देत नाही. म्हणजे हा फरक त्या मर्यादेच्या वर असल्याने मॉडेलमध्ये टिकून राहतो आणि दोन पाखी आढ्यावर नीट मिळत नाहीत. स्केचअपचे फिरवण्याचे साधन अंशांबरोबर गुणोत्तरही घेते.

छपरासाठी रेव्हिटमध्ये ‘रूफ बाय फूटप्रिंट’ हा नेहमीचा मार्ग आहे. वळचणीची बाह्यरेषा काढून ज्या कडांपासून उतार चढायचा त्यांना ‘डिफाइन्स स्लोप’ लावतात. चारही कडांना लावले तर चौपाखी छप्पर, समोरासमोरच्या दोन कडांना लावले तर दुपाखी. ६ मीटर रुंद घराला दोन्ही बाजूंनी ६०० मिलिमीटर वळचण ठेवली, तर एकूण रुंदी ७.२ मीटर, निम्मी ३.६. ३० अंशांच्या उताराला आढे वळचणीच्या कडेपासून २.०८ मीटर वर जाते आणि पाख्याची तिरपी लांबी ४.१६ मीटर भरते. मॉडेलमध्ये हे आकडे आले नाहीत तर उताराची सुरुवात कोठून धरली ते पाहावे. भिंत निवडून काढलेल्या कडेचा उतार भिंतीपाशी बांधलेला असतो, नुसत्या रेषेचा त्या रेषेपासून चढतो. वळचण ६०० मिलिमीटरने वाढली तर पहिल्या पद्धतीत कड ३४६ मिलिमीटर खाली येते, दुसरीत सगळे छप्पर तेवढेच वर सरकते आणि भिंत व छपरामध्ये फट पडते.

उतार एखाद्या कडेला काटकोनात नसेल, तर स्लोप अ‍ॅरो वापरतात. उताराची दिशा दाखवणाऱ्या या बाणाचे शेपूट बाह्यरेषेला टेकलेले असावे लागते, आणि त्या कडेला ‘डिफाइन्स स्लोप’ काढून टाकावे लागते. दोन्ही एकदम दिले की छप्पर तयारच होत नाही.

काटकोनी कोपऱ्यावर सारख्या उताराची दोन पाखी मिळतात तेव्हा कोपऱ्यावरची धार नकाशात ४५ अंशांत जाते, पण तिचा स्वतःचा उतार पाख्यापेक्षा कमी असतो: पाखे ३० अंशांचे तर धार २२.२ अंशांची. कोपऱ्यावरचा वासा ३० अंशांत ठेवला की तो कौलांतून वर घुसतो. छेदचित्रातली फसगतही याच कारणाने होते. उताराच्या दिशेला ४५ अंश वळवून घेतलेल्या छेदात ३० अंशांचे पाखे २२.२ अंशांचेच दिसते. खरा कोन उताराच्या दिशेनेच घेतलेल्या छेदात मोजावा, दुसरीकडे मोजलेला कोन साइटवर पाठवू नये.

कललेल्या भिंतीची सोय रेव्हिटच्या २०२१ आवृत्तीत आली, वर निमुळत्या होणाऱ्या भिंतीची २०२२ मध्ये. भिंतीच्या गुणधर्मांत ‘क्रॉस सेक्शन’ ‘स्लँटेड’ करून कोन द्यायचा. चिन्ह बदलले की कल उलट बाजूला जातो. त्याआधी मास (इमारतीचा ढोबळ घन आकार) काढून त्याच्या पृष्ठावर ‘वॉल बाय फेस’ने भिंत बसवत. वळणदार किंवा दुहेरी कलाच्या आकारांना आजही तोच मार्ग बरा. मात्र मास बदलल्यावर भिंत आपोआप बदलत नाही, ‘अपडेट टू फेस’ द्यावे लागते.

अशा भिंतीचा नकाशा वाचताना जपावे. नकाशाचा छेद १.२ मीटरवर असेल आणि भिंत १० अंश कललेली असेल, तर दिसणारी भिंत पायथ्यापासून २१२ मिलिमीटर सरकलेली असते. २३० मिलिमीटरची भिंत १५ अंश कलली की आडव्या छेदात २३८ भरते. आखणीसाठी पायथ्याची रेषा वेगळी दाखवून तिच्यावरूनच मापे द्यावीत.

दारे-खिडक्यांचा प्रश्न प्रत्येक साधनात येतो. रेव्हिटमध्ये खिडकी भिंतीबरोबर कलती ठेवायची की ओळंब्यात, हे ‘ओरिएंटेशन’मध्ये ठरते. दार ओळंब्यातच ठेवावे, नाहीतर कवाड स्वतःच्या वजनाने उघडते किंवा मिटते. स्केचअपमध्ये खिडकीचा कम्पोनंट ‘ग्लू टू व्हर्टिकल’ असा बनवलेला असेल तर तो कललेल्या भिंतीला चिकटत नाही. ‘स्लोप्ड’ किंवा ‘एनी’ निवडावे. शिवाय भोक फक्त बाहेरच्या पृष्ठाला पडते, आतले हाताने पाडावे लागते. तिथले पुश-पुल पृष्ठाला लंब दिशेतच ओढते, त्यामुळे कललेल्या भिंतीला जाडी दिली की तिची खालची-वरची कड स्लॅबला समांतर राहत नाही. दोन्ही टोके थोडी लांब ठेवून ‘इंटरसेक्ट फेसेस’ने छाटणे हाच खात्रीचा मार्ग.

गच्चीचा ढाळ नजरेला दिसत नाही म्हणून मॉडेलमधून सर्रास वगळला जातो, आणि मग ब्रिकबॅट कोब्याचे (विटांच्या तुकड्यांच्या ढाळाच्या थराचे) प्रमाण चुकते. रेव्हिटमध्ये सपाट छप्पर घेऊन त्याच्या थरांपैकी फक्त कोब्याला ‘व्हेरिएबल’ करावे, मग ‘मॉडिफाय सब एलिमेंट्स’ने बिंदूंना उंची द्यावी. ‘व्हेरिएबल’ राहून गेले तर सगळा स्लॅबच खालून तिरका होतो. ६ बाय ६ मीटरच्या गच्चीला एका कोपऱ्यात पाइप, त्याच्या तोंडाशी कोबा ७५ मिलिमीटर, ढाळ १:१०० असे धरू. पाइपाला लागून असलेल्या दोन्ही कडांची दूरची टोके ६० मिलिमीटर वर जातात. समोरचा कोपरा मात्र ८.४९ मीटर दूर आहे. त्यालाही ६० दिले तर कर्णावर ढाळ १:१४० च्या आसपास उरतो, म्हणून तिथे ८५ हवेत. तसे केल्यावर चार बिंदू एका प्रतलात राहत नाहीत. पाइपापासून कर्णाची स्प्लिट लाइन (पृष्ठ दुभागणारी रेष) मुद्दाम टाकावी, नाहीतर त्रिकोण कसे पाडायचे ते सॉफ्टवेअर ठरवते आणि पाइपापासून दूरच्या अर्ध्या भागात ढाळ कमी पडू शकतो.

मोजमापात तिरके क्षेत्र नकाशातल्या क्षेत्राला कोनाच्या कोसाइनने भागून येते. वरच्या घराची लांबी, वळचण धरून, १० मीटर असेल तर नकाशात ७२ चौरस मीटर दिसणारे छप्पर प्रत्यक्षात ८३.१ चौरस मीटर आहे. नकाशावरून कौले मागवली तर ११ चौरस मीटरची कमी पडतात. खोलीचे क्षेत्रही कललेल्या भिंतीत उंचीगणिक बदलते. रेव्हिट ते ‘कम्प्युटेशन हाइट’वर (मजल्याच्या पातळीपासून ठरवलेल्या उंचीवर) मोजते, आणि ती मुळात शून्य असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर हवी. ती घनफळाला क्षेत्राने भागून काढायची असेल तर आधी ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ चालू करावे, तेव्हाच खोलीची वरची हद्द तिरक्या छपराला भिडते.