उरानोस, आर्क्तोस, होरा: ग्रीकांच्या आकाशातले शब्द

'उरानोस' म्हणजे ग्रीक भाषेतलं आकाश. एकोणिसाव्या शतकात तौलनिक भाषाशास्त्र जोरात होतं, तेव्हा या शब्दाची सांगड वेदांतल्या वरुणाशी घातली गेली. जोडी देखणी होती, पण ध्वनिबदलाचे नियम लावल्यावर टिकली नाही. ग्रीकच्या बोलींतली रूपं पडताळून अभ्यासक आता 'वोर्सानोस'सारखं मूळ रूप मानतात आणि त्याचं नातं पाऊस पडण्याच्या अर्थाच्या धातूशी, म्हणजे संस्कृत 'वृष्'शी जोडतात. तेव्हा उरानोस वरुणाचा नव्हे, वर्षेचा नातलग. आपला 'पाऊस'ही प्रावृष् या शब्दावरून आलेला, म्हणजे तोही याच घरातला. मला तर हे नातं वरुणापेक्षा जास्त भावतं.

एकाच मूळ भाषेतून ग्रीक आणि संस्कृतला असे वारशाने आलेले शब्द आणखीही आहेत. ग्रीकांचा देवराज 'झेउस' आणि वेदांतला आकाशदेव 'द्यौः' हे शब्द मुळात एकच. 'आस्तेर' म्हणजे तारा, ऋग्वेदातला 'स्तृ'. 'हेलिओस' म्हणजे सूर्य. इथे मूळच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' झाल्यामुळे 'स्वर्' आणि 'सूर्य' यांच्याशी असलेलं नातं चटकन ओळखू येत नाही. चंद्राचा जुना शब्द 'मेने', महिन्याचा 'मेन', आणि आपला 'मास' त्याच कुळातला. पुढे 'सेलास' (प्रकाश) यावरून झालेल्या 'सेलेने'नं मेनेला मागे टाकलं.

सगळ्यांत रंगतदार गोष्ट अस्वलाची. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्या ताऱ्यांना ग्रीक 'आर्क्तोस' म्हणत, म्हणजे अस्वल; संस्कृतात तोच शब्द 'ऋक्ष'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात प्रश्न येतो, की उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, मग दिवसा जातात कुठे? इथे ऋक्ष म्हणजे सगळे तारे की ठरावीक सात, यावर मतभेद आहेत. शतपथ ब्राह्मण मात्र स्पष्ट सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. होमरच्या काव्यात याच ताऱ्यांना 'गाडा' असंही दुसरं नाव आहे. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडचा 'आर्क्टिक' प्रदेश याच अस्वलाच्या नावाचा.

काही शब्द ग्रीकांनी वर पाहून घडवले. 'प्लानेतेस' म्हणजे भटके, कारण ग्रह ताऱ्यांमधून फिरतात. 'गालाक्सियास' म्हणजे आकाशगंगा, हे नाव दुधावरून. 'कोमेतेस' म्हणजे लांब केसांचा तारा, धूमकेतू. आपल्याकडचं शेंडेनक्षत्र आठवा.

ग्रहांच्या नावांची कथा वेगळी. आधी ती वर्णनात्मक होती: बुध 'स्तिल्बोन' (लुकलुकणारा), मंगळ 'पिरोएइस' (अग्निमय), शुक्राला पहाटे एक नाव आणि संध्याकाळी दुसरं. बाबिलोनमध्ये ग्रह देवांना वाहिलेले होते. ग्रीकांनी ती पद्धत उचलली आणि जागोजागी आपले देव बसवले: इश्तारच्या जागी आफ्रोदिते (शुक्र), मार्दुकच्या जागी झेउस (गुरू), नेर्गालच्या जागी आरेस (मंगळ). इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोच्या लेखनात बुध हर्मीसचा तारा झालेला दिसतो. रोमनांनी हेच पुन्हा आपल्या देवांवर बेतलं, म्हणून गुरू 'ज्युपिटर' आणि मंगळ 'मार्स'.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक ज्योतिष भारतात आलं आणि शब्दही सोबत आले. 'केंत्रोन' म्हणजे मूळची टोचणी, मग कंपासचं टोक रोवतो तो बिंदू. त्याचं झालं 'केंद्र'. 'केंद्र सरकार' म्हणताना हे कुणाच्या मनातही येत नाही. 'लेप्तोन'ची झाली 'लिप्ता' (अंशाचा साठावा भाग), 'दियामेत्रोस'चं 'जामित्र' (कुंडलीतलं सातवं स्थान). ज्योतिषी वराहमिहिरानं बृहज्जातक या ग्रंथात मेष, वृषभ, मिथुन या राशींची क्रिय, तावुरि, जितुम अशी नावं दिली आहेत. ती क्रियोस, ताव्रोस, दिदिमोई यांचीच भारतीय रूपं. 'होरा' (तास) हा शब्दही ग्रीकच, पण त्याच ग्रंथात तो वेगळ्या प्रकारे सोडवला आहे: 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की 'होरा' उरतं, असं काहींचं मत वराहमिहिर नोंदवतो.