शहरभर रंगवलेल्या प्राणिमूर्ती

एकाच साच्यातून काढलेल्या प्राण्याच्या मूर्ती निरनिराळ्या चित्रकारांकडून रंगवून घ्यायच्या, काही महिने रस्त्यांवर, चौकांत, स्टेशनांबाहेर मांडायच्या आणि शेवटी लिलावात विकून पैसा एखाद्या सामाजिक कामाला द्यायचा, असा हा प्रदर्शनप्रकार. ‘काऊ परेड’ हे त्यातल्या एका कंपनीचे नाव, पण अनेकदा ते सगळ्या प्रकारालाच लावले जाते.

सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची. शहराच्या मानचिन्हातला सिंह १९८६ मध्ये तिथल्या रस्त्यांवर अवतरला होता. १९९८ मध्ये व्यापाऱ्यांच्या संघटनेने गायी आणल्या. कलादिग्दर्शन वॉल्टर क्नाप यांचे, मूळ शिल्पे त्यांचा मुलगा पास्कल याची: उभी, चरणारी आणि बसलेली, अशी तीन. त्या पाहून भारावलेले शिकागोचे पादत्राण-व्यापारी पीटर हॅनिग यांनी हे प्रदर्शन १९९९ मध्ये आपल्या शहरात नेले. कत्तलखान्यांमुळे वाढलेल्या शिकागोला गाय परकी नव्हतीच. तिथे तीनशेहून अधिक गायी मांडल्या गेल्या आणि लिलावातून तीस लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले. मग बर्लिनने २००१ मध्ये अस्वल घेतले, रॉटरडॅममध्ये २००७ ला हत्ती आले. हत्तींच्या मागे थायलंडमध्ये भूसुरुंगाने पाय गमावलेल्या मोशा या पिलाची प्रेरणा होती. हत्तींचे प्रदर्शन २०१८ मध्ये मुंबईतही झाले.

आकार ठरलेला असणे हेच या प्रकाराचे बळ आहे. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी नंदीबैल सजवून स्पर्धेला आणतात, तिथली गंमतही हीच: बैल तोच, साज ज्याचा त्याचा. प्रत्येक मूर्ती वेगळ्या घडणीची केली की उरते ते नेहमीचे शिल्पप्रदर्शन. पुढची गाय कुठल्या कोपऱ्यावर असेल, हे शोधत कोणी फिरत नाही.

मूर्ती फायबरग्लासच्या असतात. साच्याला आतून रिलीज वॅक्स, म्हणजे मूर्ती साच्यातून सुटावी म्हणून लावायचे मेण, चोळून जेलकोटचा, म्हणजे मूर्तीच्या बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागाचा, थर देतात. तो बोटाला चिकट लागावा पण बोटावर येऊ नये, इतपत सुकला की मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, रेझिनमध्ये (पातळ राळेत) भिजवून मारायला घेतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो. धडाला तीन-चार थर पुरतात, पाय, शिंगे आणि शेपटीला जास्त लागतात. रेझिन मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीचपट आणि रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. हार्डनर वाढवला तर थर तापून तडकतो किंवा वाकतो, फार कमी पडला तर दिवसेंदिवस चिकटच राहतो. घट्ट होण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून मगच हार्डनर घालतात. दोन्ही थेट एकमेकांत ओतले तर भडका उडतो.

दोन अर्धे जोडण्याआधी पायांतून पाठीपर्यंत लोखंडी सळ्या बसवतात, कारण मुले पाठीवर चढणारच. ‘चढू नये’ ही पाटी फक्त मोठ्यांना वाचता येते. सगळा भार शेवटी खुरांशी येतो आणि मोडतोडही बहुधा तिथेच होते. म्हणून सळ्या खुरांतून खाली काढून सिमेंटच्या जड चौथऱ्यात बोल्टने आवळतात. पोटाखाली पाणी निथळायला भोक ठेवतात. ते राहून गेले तर आत साचलेल्या पाण्याने सळ्या गंजतात आणि तांबूस ओघळ रंगावर उतरतात.

महिन्याभरात रंगाचे पापुद्रे निघाले तर दोष चित्रकाराला देतात, पण बहुतेकदा खोट आधीची असते: साच्यातले वॅक्स मूर्तीवर तसेच राहिलेले असते. प्रथम सॉल्व्हंटने पुसून मेण काढायचे आणि मगच १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे. उलट केले तर मेण ओरखड्यांत शिरून बसते. त्यावर प्रायमर, मग बाहेरच्या वापराचे अॅक्रिलिक रंग, आणि ते पूर्ण वाळल्यावर अतिनील किरणे रोखणाऱ्या पॉलियुरेथेन क्लिअर कोटचे दोन-तीन हात. दमट हवेत हा कोट पांढुरका पडतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम बंद खोलीतच करावे. गडद रंगाची पाठ उन्हात चांगलीच तापते आणि खाली ओल अडकली असेल तर फोड येतात. चिकटवलेले आरसे, मणी, घंटा रात्रीतून गायब होतात. जे उपटता येते ते उपटले जाते, असे धरूनच चित्रकाराने आराखडा द्यावा.

आराखडे आधी मागवून त्यांतून प्रायोजक निवड करतात. प्रायोजकाचे नाव सहसा चौथऱ्यावरच्या पाटीपुरते राहते. अंगावर जाहिरात आली की गाय गाय राहत नाही, फलक होते. वादही निवडीवरूनच पेटतात. न्यूयॉर्कमध्ये २००० साली चित्रपट-दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांची मुंडके छाटलेली, अंगात काटे-सुऱ्या खुपसलेली गाय आयोजकांनी नाकारली. वॉशिंग्टनमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या दोन पक्षांची चिन्हे, गाढव आणि हत्ती, प्रत्येकी १०० मांडायचे ठरले. प्राणिहक्कवाल्या ‘पेटा’ने सर्कशीतल्या साखळदंडातल्या हत्तीचा आराखडा दिला. नकार मिळताच संस्था न्यायालयात गेली आणि खालच्या न्यायालयाच्या आदेशाने तो हत्ती रस्त्यावर उभाही राहिला. पण सरकारी प्रदर्शनात कोणत्या मूर्ती निवडायच्या हे सरकारचे स्वतःचे म्हणणे ठरते, असा निकाल अपील न्यायालयाने २००५ मध्ये दिला.

लिलावाआधी मूर्ती उचलून आणून टवके भरतात, रंग जुळवतात, नवा क्लिअर कोट देतात. विकत घेणाऱ्याने दार, जिना आणि लिफ्टची मापे आधीच घ्यावीत, कारण चौथरा काढला तरी खऱ्या गायीएवढी मूर्ती सहज वळत नाही. न विकलेल्या मूर्ती शाळांना किंवा रुग्णालयांना देतात. घट्ट झालेले रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे फुटलेली मूर्ती भंगारवालाही घेत नाही. आतल्या सळ्या तेवढ्या काढून नेतो.