बोलाचीच कढी, पण पोट भरले

२६ जुलै २०१२ रोजी लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये गुंतवणूकदारांची परिषद भरली होती. युरोपीय केंद्रीय बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली ती थेट भुंग्यापासून. युरो हा भुंग्यासारखा आहे, खरे तर तो उडायलाच नको, तरी इतकी वर्षे उडला. आता मात्र त्याला खरी मधमाशी व्हावे लागेल, असे ते म्हणाले. (भुंग्याचे हे कोडे विज्ञानाने केव्हाच सोडवले आहे. जुन्या गणितात त्याचे पंख विमानासारखे ताठ धरले होते. प्रत्यक्षात तो सेकंदाला २०० च्या आसपास वेळा पंख फडफडवतो आणि पंखांच्या पुढच्या कडेवर तयार होणारे हवेचे भोवरे त्याला उचलून धरतात.) भुंगा कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. लक्षात राहिले ते पुढचे वाक्य: आमच्या अधिकारात राहून युरो टिकवण्यासाठी जे काही लागेल ते करायला बँक तयार आहे, आणि विश्वास ठेवा, ते पुरेसे असेल.

कर्जात बुडालेल्या देशांपायी युरो मोडतो की काय, अशी भीती तेव्हा पसरली होती. त्याच आठवड्यात स्पेनच्या दहा वर्षांच्या कर्जरोख्यांचा व्याजदर साडेसात टक्क्यांच्या वर गेला होता. या वाक्यानंतर तो उतरू लागला आणि वर्षअखेरीस साडेपाचच्या खाली आला. इटलीचा दरही उतरला. सप्टेंबरमध्ये बँकेने रोखेखरेदीची रीतसर योजना जाहीर केली, पण त्या योजनेतून आजवर एकही युरो खर्च झालेला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, त्याने कोणाचे पोट भरत नाही म्हणतात. इथे भरले.

ते कसे, हे समजायला बँकेबाहेरची रांग आठवावी. बँकेत काहीतरी गडबड आहे अशी कुणकुण लागली की शटर उघडायच्या आधीच ठेवीदार पासबुक घेऊन हजर. बँक धडधाकट असली तरी तिने पैसे कर्जाऊ दिलेले असतात, ते तासाभरात परत येत नाहीत. म्हणजे बुडेल या भीतीनेच ती बुडते. आणि गंमत अशी की रांगेतला प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणाच असतो. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ साली हे गणितात मांडले. २०२२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. ठेवींना भक्कम हमी असेल तर रांगच लागत नाही आणि हमी वापरायची वेळही येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

देशांचेही तसेच होते. इटलीचे सरकारी कर्ज तेव्हा जीडीपीच्या १२० टक्क्यांहून जास्त होते. त्या सगळ्यावर २ टक्के व्याज धरले तर वर्षाला जीडीपीचे २.४ टक्के जातात; ७ टक्के धरले तर ८.४. सगळे कर्ज एका वर्षात नव्याने घ्यावे लागत नाही, त्यामुळे फास हळूहळू आवळतो, पण आवळतो. देश फेडू शकणार नाही अशी शंका आली की लोक रोखे विकतात, रोख्यांचा भाव पडतो, म्हणजेच व्याजदर चढतो, आणि शंका खरी ठरू लागते. बेल्जियमचे अर्थतज्ज्ञ पॉल द ग्राउवे यांनी २०११ मध्येच दाखवून दिले होते की जीडीपीच्या मानाने ब्रिटनचे कर्ज स्पेनपेक्षा जास्त असूनही व्याज स्पेनलाच जास्त पडते. ब्रिटन पौंडात कर्ज घेतो आणि पौंड छापणारी बँक त्याची स्वतःची आहे. स्पेनचे कर्ज युरोत, आणि युरोचा छापखाना त्याच्या हातात नाही. द्रागींनी लंडनमध्ये सांगितले ते एवढेच, की छापखान्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि गरज पडली तर मी ती फिरवीन.

युरोतली ही मेख त्यांना तरुणपणापासून ठाऊक होती. रोममध्ये १९४७ साली जन्मलेल्या द्रागींचे वडील बँकर होते. मुलगा १५ वर्षांचा असताना ते गेले, काही वर्षांत आईही गेली. सोळाव्या वर्षी मित्राबरोबर समुद्रकिनारी सुट्टी घालवून परतल्यावर घरात भरायच्या बिलांचा ढीग वाट पाहत होता, ही आठवण त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली आहे. सापिएंझा विद्यापीठात १९७० साली त्यांनी प्रबंध लिहिला तो सामाईक चलनावर, आणि निष्कर्ष काढला की असे चलन म्हणजे वेडेपणा. मार्गदर्शक होते फेदेरिको काफ्फे. हे काफ्फे १९८७ च्या एप्रिलमध्ये एका रात्री घड्याळ, चष्मा, किल्ल्या घरातच ठेवून बाहेर पडले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये अर्थतज्ज्ञ फ्रँको मोदिल्यानी आणि रॉबर्ट सोलो यांच्या हाताखाली डॉक्टरेट, फ्लॉरेन्समध्ये प्राध्यापकी, जागतिक बँक, १९९१ पासून दहा वर्षे इटलीच्या अर्थखात्याचे महासंचालकपद, मग गोल्डमन सॅक्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक. (या शेवटच्या नोकरीवरून टीकाकारांनी त्यांना कधीच सोडले नाही.) २००५ च्या अखेरीस बँक ऑफ इटलीचे गव्हर्नर अंतोनिओ फाझिओ यांना बँकखरेदीच्या एका वादात पायउतार व्हावे लागले आणि ती खुर्ची द्रागींकडे आली. १ नोव्हेंबर २०११ पासून ते फ्रँकफर्टला युरोपीय बँकेत.

जर्मनांशी त्यांचे नाते ऊनपावसाचे. २०१२ च्या मार्चमध्ये ‘बिल्ड’ या खपाच्या वर्तमानपत्राने त्यांना टोकदार प्रशियन शिरस्त्राण भेट दिले: गडी इटालियन, पण शिस्त आमची. सप्टेंबरच्या योजनेला जर्मन केंद्रीय बँकेचे येन्स वाइडमन यांनी विरोध केला. २०१४ मध्ये युरोपीय बँकेचा ठेवींवरचा व्याजदर शून्याखाली गेला, २०१५ च्या मार्चपासून महिन्याला ६० अब्ज युरोंची रोखेखरेदी सुरू झाली, जर्मन बचतदारांच्या ठेवींवरचे व्याज सुकले. २०१९ मध्ये त्याच ‘बिल्ड’ने त्यांना सुळे लावून, ड्रॅक्युलाच्या चालीवर, ‘काउंट द्रागिला’ केले. खात्यांतले रक्त शोषणारा!

ग्रीकांच्या मनात मात्र वेगळेच चित्र असणार. २०१५ च्या जूनअखेरीस द्रागींच्या बँकेने ग्रीक बँकांना दिल्या जाणाऱ्या आपत्कालीन कर्जाची मर्यादा वाढवायचे थांबवले. दुसऱ्या दिवसापासून बँका बंद आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो. किल्ली फिरवीन म्हणण्यात जितकी ताकद होती तितकीच ती न फिरवण्यातही होती, आणि ही दुसरी बाजू त्यांच्या गौरवात बहुतेक वेळा गाळली जाते.

आठ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी व्याजदर एकदाही वाढवला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ते इटलीचे पंतप्रधान झाले आणि वर्ष-दीड वर्षात आघाडी कोसळल्यावर बाजूला झाले. ९ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा जाडजूड अहवाल सादर केला: वर्षाला ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक हवी आणि त्यासाठी युरोपने सामाईक कर्ज काढावे. भुंग्याची मधमाशी करायची तर लागणारे सामान हेच. त्याच दिवशी जर्मनीचे अर्थमंत्री ख्रिस्तियान लिंडनर यांनी सामाईक कर्जाला नकार दिला.