बुद्ध्यांक: पॅरिसच्या शाळेपासून आपल्याकडच्या प्रमाणपत्रापर्यंत

आल्फ्रेड बिने यांनी आधी मुलांची डोकी मोजली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते असे युरोपातले बरेच शास्त्रज्ञ मानत. या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचाही तोच समज होता. शिक्षकांनी निवडून दिलेल्या हुशार आणि मागे पडलेल्या मुलांची मापे त्यांनी शाळाशाळांतून फिरून घेतली. फरक निघाला तो एखाद्या मिलिमीटरचा, तोही दर वेळी नाही. शिवाय समोरचे मूल हुशार की मंद हे आधीच ठाऊक असले, की मोजणाऱ्याचा हात नकळत त्या बाजूला झुकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपलाही हात झुकला असावा असे त्यांनी छापून कबूल केले आणि ती पद्धत सोडून दिली.

बुद्ध्यांकाचा इतिहास मला इथून सांगावासा वाटतो. पुढे ज्यांनी बिने यांची चाचणी उचलली, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी स्वतःच्या हाताबद्दल अशी शंका घेतली.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. आजवर शाळेची पायरी न चढलेल्या घरांतली मुले वर्गात येऊन बसली आणि त्यांतली काही मागे पडू लागली. कोणाला वेगळी मदत लागेल हे ठरवायचे कसे? शिक्षकावर सोडावे, तर खोडकर मुलाला तो मंद ठरवून मोकळा होणार. १९०४ मध्ये सरकारने यासाठी आयोग नेमला. त्यात बिने होते. तरुण डॉक्टर थेओडोर सिमॉन यांना बरोबर घेऊन त्यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. पहिल्या प्रश्नात मूल पेटलेल्या काडीकडे नजर वळवते का, एवढेच पाहायचे. मग कागदात गुंडाळलेले चॉकलेट सोडवून खाणे, तीन अंक ऐकून परत म्हणणे, दोन रेघांतली मोठी ओळखणे, दिलेले तीन शब्द घालून वाक्य करणे, असे एकेक पायरी चढत जायचे. शाळेत शिकवलेले जमेल तितके टाळून रोजच्या समजुतीचे प्रश्न घेतले होते.

१९०८ च्या सुधारित आवृत्तीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकेच प्रश्न सोडवत असेल, तर त्याचे मानसिक वय सहा. पण हा आकडा म्हणजे बुद्धीची लांबी-रुंदी नाही, असे बिने स्वतः बजावत. माणसाची बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या मताला त्यांनी क्रूर निराशावाद म्हटले. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मृती आणि इच्छाशक्तीचे व्यायाम सुचवले, त्याला नाव दिले ‘मानसिक ऑर्थोपेडिक्स’. चाचणी हे निदान होते आणि निदानाचे प्रयोजन उपचार. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने गेले.

त्यानंतर वर्षभरातच जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि ‘आयक्यू’ घरोघर पोचला. गणित साधे होते, पण त्याने अर्थ पालटला. ‘हे मूल दोन वर्षे मागे आहे’ हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न येतो, त्याला पुढे कसे आणायचे? ‘याचा बुद्ध्यांक ७५ आहे’ म्हटले की ते उंची किंवा रक्तगटासारखे अंगाला चिकटते.

अमेरिकेत ते फार घट्ट चिकटले. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या मतिमंद मुलांच्या शाळेत काम करणारे हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची पट्टी इंग्रजीत आणली आणि मंदबुद्धी ही आनुवंशिक कीड आहे असा प्रचार केला. पहिल्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सतरा लाखांहून अधिक सैनिकांची सामूहिक चाचणी झाली. साक्षरांसाठी ‘अल्फा’, निरक्षरांसाठी ‘बीटा’. अल्फामध्ये विचारले होते, क्रिस्को हे काय आहे: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे अमेरिकी बाजारातल्या वनस्पती तुपाचे नाव. नुकताच बोटीतून उतरलेला इटालियन शेतमजूर हे कुठून सांगणार? देशात जितकी जास्त वर्षे काढली तितके स्थलांतरितांचे गुण वाढत गेले, हे त्याच आकडेवारीत दिसत होते. उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वरचढ होते, हेही दिसत होते. तरी १९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी याच आकड्यांवरून दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक जन्मजात कमी बुद्धीचे ठरवले. १९२४ मध्ये त्या लोकांची अमेरिकेत येण्याची वाट अडवणारा कायदा झाला. त्याची कारणे अनेक होती, पण त्या वादात या आकड्यांचा आधार घेतला गेला. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. कायदा मात्र राहिला.

कॅरी बकची हकीकत मी वगळू शकत नाही. व्हर्जिनियातली ही मुलगी पालक कुटुंबात वाढली. त्या घरातल्या एका नातलगाने तिच्यावर बलात्कार केला, ती गरोदर राहिली आणि कुटुंबाने तिची रवानगी मतिमंदांच्या सरकारी वसाहतीत केली. तिची आई एमा आधीच तिथे होती. टर्मन यांनी बिने यांच्या पट्टीवरून बेतलेल्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीवर कॅरीचे मानसिक वय नऊ आणि आईचे आठच्या आत काढले गेले. कॅरीची मुलगी व्हिव्हियन तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. या बाळात काहीतरी वेगळेच वाटते, अशी साक्ष एका समाजसेविकेने दिली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली; मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात लिहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीत तिचे नाव लागले आणि आठव्या वर्षी ती आजारपणात गेली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. ती पेपर वाची, शब्दकोडी सोडवी. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांवर माणसांची नसबंदी झाली.

हे वाचून चाचणीच फेकून द्यावीशी वाटते. पण दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहायला हवी, आणि ती स्कॉटलंडमध्ये दिसते.

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमधल्या १९२१ साली जन्मलेल्या, शाळेत हजर असलेल्या जवळपास प्रत्येक मुलाने एकच चाचणी दिली. ८७,४९८ मुले. त्या नोंदवह्या नंतर धूळ खात पडल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली या संशोधकांनी त्या बाहेर काढल्या आणि ॲबर्डीनच्या सत्तरी ओलांडलेल्या काही जणांना शोधून तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या वर्षी जो पुढे होता, तो सहसा सत्याहत्तराव्या वर्षीही पुढे होता. दोन्ही गुणांमधला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणी) ०.६ च्या वर गेला. लहानपणी जास्त गुण असलेले लोक सरासरीने जास्त जगले, असेही दिसले. इंग्लंडमधल्या सत्तर हजारांवर मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात अकराव्या वर्षीच्या बौद्धिक चाचण्या आणि सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा यांचा संबंध आणखी घट्ट, ०.८ च्या आसपास निघाला. मानसशास्त्रात इतके पक्के आकडे क्वचित हाती लागतात. चाचणी काहीतरी खरे पकडते, यात मला शंका उरलेली नाही.

ते नेमके काय, यावर मात्र १९०४ पासून वाद आहे. निरनिराळ्या विषयांतले गुण एकमेकांबरोबर वरखाली होतात, म्हणजे त्यांच्या मुळाशी एक सर्वसाधारण क्षमता आहे, असे इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमन यांनी त्या वर्षी मांडले. शिवाय शाळेतल्या यशाचे भाकीत जमते यात फार नवल नाही. चाचणीचा जन्मच शाळेसाठी झाला. शाळेबाहेर पडल्यावर, कमाई, काम आणि कर्तृत्व यांच्यापर्यंत येताना तो धागा बारीक होत जातो. टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुले निवडून आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा करायला घेतला. त्यांच्यातले बरेच जण चांगले शिकले, चांगल्या हुद्द्यांवर गेले. पण मुळात ती बहुतेक सुस्थितीतल्या गोऱ्या कुटुंबांतली होती, तेव्हा यात बुद्ध्यांकाचा वाटा किती आणि घराचा किती हे वेगळे करणे कठीण. त्यांच्यातल्या एकालाही नोबेल मिळाले नाही. निवडीच्या वेळी ज्यांचे गुण कमी पडले त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

जन्मजात आणि अढळ या समजुतीला सर्वांत मोठा धक्का जेम्स फ्लिन यांनी दिला. न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या या अभ्यासकाने १९८४ आणि १९८७ मध्ये जुन्या-नव्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून दाखवले, की विसाव्या शतकात देशोदेशीचे गुण दर दशकाला साधारण तीनने वाढले. शब्द नसलेल्या, नुसत्या आकृत्यांच्या चाचणीवर डच तरुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत जवळपास वीस गुणांनी वर गेले. तीस वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, आहार, घरातल्या मुलांची संख्या, आकृत्यांशी आणि तर्काच्या कोड्यांशी झालेली ओळख, या गोष्टी बदलतात.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचे घ्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशी दोनदा चाचणी घेतली. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात. पैसे येण्याआधी, दागिने गहाण पडलेले असताना आणि उधारी वाढलेली असताना, त्याच माणसांना कमी कोडी सुटली. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या बिलाची वाट पाहिलेल्या घरात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. त्या दिवशी घेतलेल्या चाचणीचा आकडा माणसाचा की त्याच्या कर्जाचा?

आपल्याकडे ही चाचणी लवकर आली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने पट्टी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघाले. नुसत्या भाषांतराने काम भागण्यासारखे नव्हते. अमेरिकी मुलाला जी नाणी ओळखायला सांगत ती इथल्या मुलाने पाहिलेलीच नव्हती, आणि एखादा शब्द बदलला की प्रश्नाचा अवघडपणा बदलतो. म्हणून प्रश्न इथल्या मुलांवर तपासून नव्याने क्रम लावावा लागतो. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ च्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीचे भारतीय रूप तयार केले. त्याच मालिन यांनी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतात आणली. हे व्हाइनलँड म्हणजे गॉडर्ड यांचेच गाव. पण पुढे तिथले संशोधनप्रमुख झालेल्या एडगर डॉल यांनी वेगळा प्रश्न विचारला होता: मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, एकटे दुकानापर्यंत जाऊन येते का? पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही बुद्धिमान मुले निवडून त्यांना समाजासाठी घडवायच्या विचारातून. तिथल्या निवडीत बुद्धिमापनाला पहिल्यापासून स्थान आहे.

आणि सामान्य मराठी घरात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द शिरला तो स्कॉलरशिपच्या परीक्षेतून. चौथी-सातवीच्या, नंतर पाचवी-आठवीच्या मुलांनी अंकमालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, रांगेतले स्थान यांचा सराव करून ही प्रश्नपत्रिका सोडवली. तिची मार्गदर्शके बाजारात मिळतात, शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेतात. हा सराव वाईट नाही. खेड्यातल्या कितीतरी मुलांना तर्काने विचार करायची गोडी त्यातून लागली. पण सराव झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या गुणांतला फरक बुद्धीचा म्हणून वाचणे अन्यायाचे आहे.

बिने यांच्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ आज आपल्याकडे काही असेल, तर ते दिव्यांग प्रमाणपत्रासाठी होणारे मूल्यमापन. बौद्धिक अक्षमता ठरवताना बुद्ध्यांक ७० च्या खाली आहे का हे पाहतात आणि जोडीला व्हाइनलँड श्रेणीवर रोजचे व्यवहार तपासतात. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राआधीही बुद्ध्यांक मोजतात, वाचन-लेखनातली अडचण एकूण आकलनाची नाही हे दाखवण्यासाठी. त्या कागदावर मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळणार की नाही, सवलत मिळणार की नाही, हे ठरते. म्हणून इथे जुन्या मानकांचा, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलाने सरासरी किती प्रश्न सोडवावेत याच्या ठरलेल्या आकड्यांचा, प्रश्न मला फार गंभीर वाटतो. नव्या चाचण्या निघाल्या आहेत, पण कामत यांची पट्टी अजूनही अनेक ठिकाणी वापरात आहे, आणि तिची मानके स्वातंत्र्याआधीच्या मुलांची. फ्लिन यांनी दाखवलेली वाढ इथे निम्म्याने जरी झाली असेल, तरी त्या मानकांवर आजच्या मुलाचा आकडा फुगून येणार. ज्याला खरोखर मदत हवी आहे ते मूल ७३ वर जाऊन थांबेल आणि रिकाम्या हाताने घरी परतेल. उलट मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीतून प्रश्न विचारले, तर त्याचा आकडा खाली येईल, आणि त्याची अडचण भाषेची होती हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसेल.